टोकाला घट्ट, कुशीला सैल

कातेल्लो आप्रेदाने जडावाच्या चित्राची पाटी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि तिच्यातून एक लिंबू निसटून फरशीवर पडलं. आवाज अगदी किरकोळ झाला, शर्टाचं बटण पडावं एवढा. पण चव्वेचाळीस वर्षं लाकडाचं जडावकाम केलेल्या माणसाच्या पाटीतून तुकडा आपणहून पडावा, असं त्याने कुणाच्या बाबतीत ऐकलंही नव्हतं. तो वाकला. लिंबू टेबलाखालच्या भुशात सापडलं: लिंबाच्याच लाकडाचं, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठं, एका बाजूने गरम वाळूत भाजून तपकिरी केलेलं, म्हणजे सपाट लाकडाला गोलाई आल्यासारखी वाटावी. त्याने ते परत त्याच्या घरात, पाटीत त्याच्यासाठी कोरलेल्या खाचेत, बसवलं. वरचं टोक टेकलं, खालचं टोक टेकलं, पण दोन्ही कुशींना केसापेक्षा जाड फट राहिली. त्याने शेजारचं दाबून पाहिलं, मग त्याच्या शेजारचं. सगळ्यांची तीच तऱ्हा. पाटीवर अशी त्रेसष्ट लिंबं होती आणि अजून एकालाही सरस लावलेला नव्हता, एवढंच काय ते नशीब. बाहेर गल्लीत कुणी परदेशी बाई शेजारच्या दुकानात संगीतपेटीची किंमत विचारत होती आणि पेटीतून तेच ते गाणं पुन्हा पुन्हा वाजत होतं. कातेल्लो स्टुलावर बसला.

पाटी विकायची नव्हती. चौदा नोव्हेंबरला त्याची बायको त्रोफिमेना, घरातली मेना, वारल्याला वर्ष होणार होतं, आणि त्या दिवशी तिच्यासाठी होणाऱ्या मिस्सेच्या प्रार्थनेला ही पाटी जडाव कारागिरांच्या मंडळीच्या चॅपेलमध्ये, बायका बसतात त्या बाजूच्या भिंतीवर लागायची होती. पाद्री प्लाचिदोने परवानगी दिली होती, भिंतीत खिळेही ठोकून झाले होते. चित्र मिनोरीच्या पायऱ्यांचं होतं. मेना मूळची मिनोरीची, डोंगरापलीकडची. तिची आई त्या पायऱ्यांवरून लिंबांच्या टोपल्या खांद्यावर घेऊन बंदरापर्यंत उतरायची, दिवसातून पाच पाच खेपा, आणि तिच्या मानेवर मागच्या बाजूला एक गाठ आली होती ती मरेपर्यंत गेली नाही. मेनाने लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी एकदा म्हटलं होतं की हे चित्र कर ना कधीतरी. त्यावर तो म्हणाला होता, विकत कोण घेणार? लोकांना ज्वालामुखी हवा असतो, होडी हवी असते, डफ वाजवून नाचणारी पोरगी हवी असते. घामेजलेल्या बाया घेऊन कोण घरी जातो? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ती पुन्हा काही बोलली नव्हती. आता तीच पाटी त्याने करायला घेतली होती, आणि विकत घेणारं कुणी नसल्यामुळेच तिच्यात काही कसर राहून चालणार नव्हतं. ही एक गोष्ट तरी आपण तिच्यासाठी नीट करू, असं त्याने मनाशी धरलं होतं. बाकीच्या किती राहिल्या याचा हिशेब तो करत नसे, कारण तो संपला नसता.

उजवा हात चार वर्षांपूर्वी थरथरायला लागला. आधी कॉफीच्या कपाला कळलं, मग मेनाला, शेवटी त्याला. बारीक करवत धरणं जमेना तेव्हा लोरेदानाने, त्याच्या मुलीने, बोलोन्याहून ते यंत्र पाठवलं. संगणकावर चित्र काढायचं, यंत्र लाकूड कोरतं. चित्रं तीच तिकडून काढून पाठवायची. मंडळीतल्या लोकांना चेष्टेला आयतंच सापडलं. त्याचा साडू आन्येल्लो, स्वतः जडावकाम करणारा, चारचौघांत म्हणायचा, "आता कातेल्लोकडे वीज कापते आणि कातेल्लो वीज कापते ते बघतो." कातेल्लोही हसायचा. पण हाताने कापायचे तेव्हा ही भानगडच नव्हती. फिकट लाकूड गडद लाकडावर ठेवायचं, दोन्ही मिळून करवतीखालून एकदाच फिरवायची. वरच्यातून तुकडा निघतो, खालच्यात त्याचं घर पडतं, दोन्ही एकाच पात्याने. हात हलला तर दोन्हीकडे सारखाच हलतो; तुकडा वाकडा तर घरही तितकंच वाकडं, आणि जोड सरळच दिसतो. म्हणून या गल्लीत तुकडा घरात बसतो का हे कुणी आधी लावून बघत नाही. लावून बघणं म्हणजे आपल्याच हातावर संशय घेणं, आणि कुणी बघताना दिसलं तर आठवडाभर त्याची टर उडते. कापा, वाळूत भाजा, बसवा. यंत्राचं तसं नाही. ते आज घर पाडतं, उद्या तुकडा कापतं, आणि दोघांची गाठ पडते ती थेट लग्नाच्या दिवशी. त्याचं पातं गोल, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात त्याला शिरता येत नाही. पायरीच्या कोपऱ्याशी ते गोलाई सोडून देतं आणि मग तुकड्याचा कोपराही तेवढाच घासून गोल करावा लागतो. हे सगळं तो साठीनंतर शिकला होता, आणि शिकला याचा त्याला थोडा अभिमानही होता. अक्रोडाच्या काळपट पायऱ्या अशा काही बसल्या होत्या की जोड शोधावा लागत होता. मग लिंबांनाच काय झालं?

दुपारी त्याने लोरेदानाला फोन केला. ती शाळेत गणित शिकवते, मधल्या सुट्टीत फोन घेते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की फट किती आहे, मिलिमीटरमध्ये सांगा. तो म्हणाला, दिसते एवढी आहे. मग तिने लिंबं मिलिमीटरच्या पाच शतांशाने मोठी करून पाठवली. ती कापून, भाजून, लावून दोन दिवस गेले, फट राहिलीच. मग दहा शतांश, मग वीस. वीसच्या वेळी तर लिंबू घरात शिरेचना: टोकाला घट्ट, आणि कुशीला अजूनही सैल. लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं तर टोकाकडून चिरलं. पुढचंही चिरलं. त्याला हे उमगेना की एकच वस्तू एकाच वेळी मोठीही आहे आणि लहानही आहे. फोनवर तो तिच्यावर खेकसला, यंत्राला गोल कापताच येत नाही म्हणाला, बोलोन्यात बसून लिंबू कसं कळणार म्हणाला. तिकडे पोरांचा गोंगाट ऐकू येत होता. "पप्पा," ती म्हणाली, "पायऱ्या आणि लिंबं एकाच फाइलमध्ये आहेत. यंत्राला माहीत नाही कुठलं लिंबू आणि कुठली पायरी. लिंबांचं तुम्ही वेगळं काय करता?" त्याने फोन ठेवला. मुलीने आईचा आवाज घेतलाय, हे त्याला अलीकडे फार जाणवायचं. बोलणं संपवताना शेवटचा शब्द खाली सोडून द्यायची लकबही तीच.

वेगळं काय करतो. त्या दिवशी त्याने असं काही केलं जे उभ्या जन्मात केलं नव्हतं. गल्लीकडचं दार ओढून घेतलं, यंत्रातून नुकतं निघालेलं एक लिंबू, पहिल्याच मापाचं, न भाजता घराशी नेलं आणि अंगठ्याने दाबलं. ते टक्कन बसलं. त्याने नखाने कडेवरून रेघ ओढली, नख कुठेच अडलं नाही. चाकूच्या टोकाने ते उचकटून काढायला त्याला दहा मिनिटं लागली. म्हणजे यंत्र बरोबर होतं आणि मुलगी बरोबर होती. वाळूत काहीतरी होत होतं. वाळूतलं लाकूड वाळतं, वाळलं की आक्रसतं, आणि आक्रसतं तेही लाकडातल्या रेषेला आडवं, लांबीत नव्हे. टोकं तशीच राहतात, कुशी आत जातात. अरे, हे तर सुताराच्या पोराला कळतं. दार, खिडकी, खुर्चीचा पाय, सगळीकडे हेच होतं. चव्वेचाळीस वर्षांत त्याने हजारो तुकडे वाळूतून आलेले बसवले होते, फुलं, शिडं, नाचणारीच्या घागऱ्याच्या चुण्या, आणि एकही सैल निघाला नव्हता. ते तुकडेही आक्रसलेच असणार, मग ते बसत कसे होते?

भाजायचं काम मेनाचं होतं. या गल्लीतल्या प्रत्येक दुकानाचं भाजायचं काम बायकांचंच, घरी, स्वयंपाकघरात, चुलीवर तव्यात वाळू घालून. कापलेले तुकडे तो ट्रेमध्ये भरून जेवणानंतर घरी ठेवून यायचा आणि दुसऱ्या दिवशी ट्रे परत यायचा. तिच्या बोटांच्या टोकांवर कायम लहान लहान डाग असायचे आणि केसांना भाजलेल्या लाकडाचा वास. रविवारी चर्चमध्येही तो वास यायचा, पावडर लावली तरी. त्याला तो कधी आवडला नव्हता, निदान आवडतो असं वाटलं नव्हतं. ती गेल्यापासून भाजकाम बंदच होतं; आता या पाटीसाठी स्वतः वाळू तापवताना पहिल्या दिवशी तो वास उठला तेव्हा त्याला चिमटा ठेवून गॅलरीत जाऊन उभं राहावं लागलं. त्याचा तिच्याशी एकच तंटा होता आणि तो वर्षानुवर्षांचा: उशीर. दोन मिनिटांचं काम, चिमट्याने तुकडा वाळूत खुपसायचा, रंग आला की काढायचा. संध्याकाळी बसली तर तासाभरात ट्रे मोकळा. मग तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत का अडून राहावा? गिऱ्हाईक दारात उभं असायचं आणि हा जिना चढून घरी जायचा. तर ती स्वयंपाकघरात दुसरंच काहीतरी करत असायची आणि खिडकीपाशी ट्रेवर फडकं, फडक्यावर संगमरवराची फळी, जिच्यावर ती एरवी पीठ मळायची. तो म्हणायचा, दे. ती म्हणायची, अजून नाही, लाकूड दमलंय, झोपू दे त्याला. हे ऐकून त्याला राग यायचा, कधी हसू. लाकूड दमलंय! दुकानात येऊन तो सगळ्यांना सांगायचा की माझ्या बायकोच्या घरात लाकूडसुद्धा दुपारची झोप काढतं. लोक हसायचे. आळशी म्हणायचा तो तिला, प्रेमाने म्हणायचा, पण आळशीच म्हणायचा. आता त्या फडक्याचा विचार करता करता त्याला एकाएकी आठवलं की ते कोरडं नसायचं. फळी उचलली की खाली ट्रेच्या आकाराचा ओला डाग असायचा आणि तो त्यावरही कुरकुर करायचा, खिडकीचं लाकूड कुजेल म्हणून.

एर्सिलिया, मेनाची बहीण आणि आन्येल्लोची बायको, दोन गल्ल्या पलीकडे राहते. आन्येल्लोच्या दुकानाचं भाजणं तिने वीस वर्षं केलं, डोळे अधू झाले तेव्हा सोडलं. तो गेला तेव्हा आन्येल्लो दुकानात होता आणि ती गॅलरीत बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. त्याने आडवळणाने सुरुवात केली, हवा कशी आहे, वरून वारा सुटलाय, फार कोरडा आहे. ती म्हणाली, तू हवेचं बोलायला आला नाहीस. मग त्याने सांगितलं. सगळं नाही, फट राहते एवढंच. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"ओल्या फडक्यात ठेवतोस का?"

"कोण?"

"तू. आणखी कोण. भाजून झाल्यावर. फडकं घट्ट पिळायचं, तापात पोराच्या कपाळावर ठेवतो तसं. थेंब गळता कामा नये. खाली एक, वर एक, वर वजन. रात्रभर. लाकूड गेलेलं पाणी परत पिऊन घेतं आणि होतं तेवढं होतं. घाई केलीस तर अर्धंच भरतं." तिने वर पाहिलं. "तुला खरंच माहीत नव्हतं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"आन्येल्लोलाही माहीत नाही," ती म्हणाली. "या गल्लीत एकाही पुरुषाला माहीत नाही. तुम्ही सगळे म्हणता आमची करवत. आम्ही म्हणतो, बरं."

"तिने मला सांगितलं का नाही?"

"मी विचारलं होतं तिला. म्हणाली, सांगितलं तर उद्यापासून फडकं किती ओलं ठेवायचं तेही तोच सांगेल." एर्सिलिया जराशी हसली, आणि मग हसू तिच्या चेहऱ्यावरून निघून गेलं. "पण असं म्हणत होती की एकदा सांगितलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी. तू ऐकलं नाहीस."

"नाही," कातेल्लो म्हणाला. "मला नाही सांगितलं."

"मग नसेल सांगितलं," एर्सिलिया म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

परत येताना तो नेहमीच्या रस्त्याने आला नाही. नेहमीच्या रस्त्यावर ओळखीचे भेटतात. बागांच्या मागच्या भिंतीकडून, काळ्या जाळ्या घातलेल्या संत्र्यांच्या झाडांजवळून तो हळूहळू येत होता आणि मनाशी घोकत होता की नाही सांगितलं, सांगितलं असतं तर मला आठवलं असतं, माझी स्मरणशक्ती चांगली आहे, मला पहिल्या गिऱ्हाइकाचं नावसुद्धा आठवतं. आणि त्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या नावापाठोपाठच ती दुपार आली. दुकानात त्याचा बाप होता, तेव्हा जिवंत, आन्येल्लो होता, आणखी दोघे होते, दारूची बाटली उघडलेली होती कारण ते पहिलं मोठं टेबल गेलं होतं. मेना ट्रे घेऊन आली होती. तेवीस वर्षांची, निळा झगा, बाह्या वर केलेल्या. म्हातारा टेबलाच्या जोडावरून नख फिरवून म्हणत होता, पोराचा हात बघा, पोराचा हात. आणि ती मध्येच म्हणाली होती, अहो बाबा, त्याचं काय असतं, मी ते भाजल्यावर ओल्यात ठेवते, नाहीतर... तिचं वाक्य पुरं झालं नव्हतं. ते पुरं होऊ न देणारा माणूस कोण होता हे त्याला आता स्वच्छ दिसलं. तो म्हणाला होता, "तू पास्ता ओल्यात ठेव, बाई, लाकडाचं आम्ही बघतो." मोठा हशा पिकला होता. तीही हसली होती. ट्रे ठेवून, रिकामा ट्रे उचलून ती गेली होती आणि त्याने ग्लास पुन्हा भरून घेतला होता. त्यात वाईट असं काही घडलंय, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. भांडण नाही, अबोला नाही; त्या रात्री जेवणही चांगलं झालं असेल. चाळीस वर्षं ती त्याच्या शेजारी झोपली आणि चाळीस वर्षं रोज रात्री पलीकडच्या खोलीत ते फडकं आपलं काम करत राहिलं.

भिंतीला टेकून तो उभा राहिला. कारण त्या दुपारच्या आठवणीपाठोपाठ आणखी एक गोष्ट आली, आणि ही जुनी नव्हती. गेल्या नोव्हेंबरात मेनाला दवाखान्यात नेलं ते सकाळी, स्वयंपाकघरातूनच. ती खुर्चीवरून एका बाजूला कलली आणि परत सरळ झाली नाही. सहा दिवसांनी सगळं आटोपून तो घरी आला तेव्हा खिडकीपाशी ती फळी होती, फळीखाली फडकं, वाळून कडक झालेलं, बुरशीचे हिरवे ठिपके पडलेलं. त्याला वाटलं, काहीतरी खाण्याचं राहून गेलंय. त्याने ते तसंच गोळा करून पिशवीत घातलं. आत काहीतरी लाकडासारखं खडखडलं होतं. त्याने पिशवीचं तोंड बांधलं आणि ती खाली नेऊन कचऱ्यात टाकली. खडखडलं होतं, हे त्याने तेव्हाही ऐकलं होतं.

त्रेसष्ट लिंबं त्याने पुन्हा कापली, पहिल्याच मापाची. लोरेदानाला फक्त एवढंच कळवलं की माप तुझंच बरोबर होतं. त्यातली काही वाळूत करपली, ती पुन्हा कापली; एका बाजूचा तपकिरी रंग दुसऱ्या बाजूपर्यंत न तुटता फिकट होत जायला हवा, आणि त्याच्या हाताच्या थरथरीने कधी कधी तुकडा वाळूत उभा राहीना. डाव्या हाताने उजवं मनगट धरून तो भाजत होता. बोटांना चटके बसले. मग फडकं. पहिल्या दिवशी ते जास्त ओलं झालं, लिंबं फुगली आणि दोन वाकली. दुसऱ्या दिवशी कमी पडलं. कुणाला विचारावं असं पुन्हा पुन्हा वाटायचं, आणि प्रत्येक वेळी तोंड उघडताच त्याचं स्वयंपाकघराच्या दाराकडे लक्ष जायचं. पाचव्या दिवशी सकाळी त्याने फळी उचलली तेव्हा लिंबं सपाट, गार आणि नुसत्या स्पर्शाला जड लागत होती. दुकानात नेऊन त्याने पहिलं लिंबू घरावर ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं. दुसरं दाबलं. वीस-बावीस बसेपर्यंत त्याला काही वाटलं नाही, कामच चालू होतं. मग एका लिंबावर अंगठा तसाच ठेवून तो रडला, तोंड मिटून, खांद्यांनी. बाहेर कुणीतरी नमस्कार केला तर त्याने मानेनेच उत्तर दिलं. संध्याकाळपर्यंत त्रेसष्टच्या त्रेसष्ट बसली.

मिस्सेच्या दिवशी चॅपेल भरलं होतं. मेना लोकांना आवडायची. पाद्री प्लाचिदो थोडकं बोलला, ती वेळेवर यायची आणि मोठ्याने गायची एवढंच, आणि ते खरं होतं. नंतर सगळे पाटीभोवती जमले. बाया पायऱ्यांवरून उतरत होत्या, माना वाकलेल्या, आणि टोपल्यांतली लिंबं अशी गोल आलेली की एका म्हातारीने बोटाने चाचपून पाहिली. पुरुषांनी आपापली नखं पुढे केली. एकामागून एक जोडांवरून फिरवली, कुणाचंच अडलं नाही. आन्येल्लोने चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून पाहिलं आणि म्हणाला, यंत्राचं काही सांगू नकोस आम्हाला, हे यंत्र करत नाही, हा तुझा हात आहे. आजूबाजूचे म्हणाले, हात आहे, हात आहे.

कातेल्लोने हे येणार हे धरूनच ठेवलं होतं. चार रात्री त्याने ते वाक्य तयार केलं होतं, लहान आणि सरळ, कुणाला चुकता येऊ नये असं. "हात माझा नाही," तो म्हणाला. आवाज त्याला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला आणि लोक त्याच्याकडे वळले. "कधीच नव्हता. भाजल्यावर लाकूड आक्रसतं. मेना ते ओल्या फडक्यात रात्रभर ठेवायची, म्हणून ते बसायचं. चाळीस वर्षं माझ्या जोडांची जी तारीफ झाली ती तिची. मला हे गेल्या महिन्यात कळलं."

मग एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. पाद्री प्लाचिदोने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. कातेल्लोला वाटलं, समजलं नाही, म्हणून तो पुन्हा सांगू लागला, रेषेला आडवं कसं आक्रसतं, टोकाला घट्ट आणि कुशीला सैल म्हणजे काय, तिने एकदा सांगितलं होतं तेव्हा आपण काय बोललो. तो जितकं सांगत गेला तितके त्यांचे चेहरे मऊ होत गेले, आणि ते त्या शब्दांकडे नाही, त्याच्याकडे पाहत होते. "ऐकलंत?" आन्येल्लो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "जन्मभर स्वतः खपला आणि आज सगळं बायकोच्या ओंजळीत घालतोय. असा नवरा मिळायला पुण्य लागतं." बायकांनी माना हलवल्या. कुणीतरी त्याला मिठी मारली. नाही, तो म्हणाला, नाही, तसं नाही, आणि मिठी मारणाऱ्याने त्याची पाठ थोपटली.

गर्दी जरा पांगल्यावर एर्सिलिया कॉफीचा कप घेऊन त्याच्याजवळ आली. तिने पाटीकडे पाहिलं, डोळे बारीक करून, बराच वेळ. लिंबं चांगली भाजलीस, म्हणाली. मग त्याच्या हातात कप देताना हळू आवाजात, रागावल्यासारखं नव्हे, नुसतं जे दिसतंय ते सांगावं तसं ती म्हणाली, "हे कौतुकही तुलाच मिळालं, कातेल्लो."

"मी खरं सांगितलं."

"हो. ऐकलं मी."

"मग आता मी काय करू?"

तिने खांदे उडवले. तिला घरी जाऊन आन्येल्लोचं जेवण करायचं होतं. दाराशी अजून चौघे जण त्याचा हात हातात घ्यायला थांबले होते. त्याने कप बाकावर ठेवला आणि तो त्यांच्याकडे गेला.